प्रकरण अकरा: शेडला नेट

दहाव्याच्या दिवशी कावळा अडून बसला नसता, तर पडवळांच्या शेडला नेट कधीच आलं नसतं.

इंद्रायणीच्या घाटावर रोहिदासचा पिंड मांडला आणि कावळे समोरच्या बाभळीवर नुसते बसून राहिले. पाऊण तास झाला. थोरला भाऊ दिग्विजय हात जोडून म्हणाला, "तुझ्या विजयश्रीला अंतर देणार नाही." कावळा हलेना. धाकटी बहीण योगिनी म्हणाली, "आई-आप्पांकडं मी बघते." तरी हलेना. भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला, तेव्हा दिग्विजयचा धीर सुटला. "बरं बाबा, शेडला नेट आणतो. आता तरी शिव." लगेच एक कावळा उतरला, सरळ भाताला शिवला आणि उडून गेला. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. रोहिदासचे वडील मालोजीआप्पा मागे उभे होते. ते कुणाकडे न बघता पायऱ्या चढून निघून गेले.

चारचौघांत, तेही घाटावर बोललेला शब्द मोडायची पडवळांत कुणाची छाती नाही. टाळायची मात्र आहे. साडेतीन महिने टाळलं. कधी दिग्विजयची शिफ्ट आडवी आली, कधी आप्पांनीच मोडता घातला: म्हशी बुजतील, पत्र्यावर चढून कुणीतरी पडेल, कशाला पाहिजे मेलेल्या माणसाला नेट. शेवटी फाल्गुनातल्या एका शनिवारी योगिनीच पिंपळे सौदागरहून गाडी घेऊन आली. डिकीत घरातलं नेट हवेतून शेडपर्यंत फेकणाऱ्या दोन पांढऱ्या पेट्या होत्या, वायरचं भेंडोळं होतं आणि मोकळी जागा होती. मोकळी जागा विजयश्रीच्या बॅगेसाठी. संध्याकाळी परत जाताना तिला सांगवीला माहेरी सोडायचं ठरलं होतं, चार दिवसांसाठी. हे चार दिवस कसले, ते घरात सगळ्यांना कळत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

*

दुर्गाबाई ओट्यावर शेंगा फोडत होत्या. विजयश्रीने तांब्याभांडं आणून सासूच्या शेजारी ठेवलं, रोज ठेवायची तसं. दुर्गाबाईंनी मान वर केली नाही. जरा वेळाने त्या गुडघ्यावर हात देत उठल्या, आत जाऊन माठातलं पाणी आपल्या हाताने घेतलं, प्यायल्या आणि पुन्हा येऊन शेंगा फोडायला लागल्या.

साडेतीन महिने हे असंच चाललं होतं. बाईने दोन शिव्या घातल्या असत्या तर विजयश्रीने त्या सोसल्या असत्या. पण सुनेच्या हातचं पाणी घ्यायचं नाही, एवढंच दुर्गाबाईंनी ठरवलं होतं आणि त्यात एका दिवसाचा खंड पडला नव्हता.

"बॅग भरली का?" दुर्गाबाईंनी शेंगांनाच विचारलं.

"भरली."

"स्वेटर बी भरलास म्हनं. फाल्गुनात."

"किती दिवसांची भरू ते तुम्हीच सांगा आई."

"मी कोन सांगनार? ज्याच्यापायी तू ह्या घरात आलीस त्यो गेला."

विजयश्री ओट्याच्या पायरीवर बसली. आज जायचंच होतं, तेव्हा एकदा शेवटचं बोलून टाकावं असं तिला वाटलं. "आई, मी फोन केले. दोन केले. नाही म्हणतच नाही. पण दोन्ही वेळा ते दुसऱ्या कुणाशी तरी बोलत होते. माझा फोन त्यांनी उचललाच नाही."

"नवरा गाडीवर हाय ह्ये ठावं असून फोन करायचाच कशाला? टपरीवाल्यानं सोता बघितलं. हेल्मेटात फोन घालून बोलत व्हता माझा रोह्या, आन् समोरनं ट्रेलर आला. मंग तू न्हाईस तर कोन? नाव सांग."

नाव विजयश्रीकडे नव्हतं. त्याचा फोनही सापडला नव्हता; अपघाताच्या गर्दीत कुणीतरी हात मारला असणार, असं सगळे म्हणाले. तिने रोहिदासचा नंबर शंभर वेळा लावला. चोराने फोन बंद केला असता तर बाईचा आवाज 'बंद आहे' म्हणाला असता. तो आवाज रोज म्हणायचा, 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे.' फोन कुठेतरी चालू होता. म्हणून रोज पावणेसातला, अपघात झाला त्याच वेळेला, ती त्याला एकच मेसेज पाठवायची: 'कोणाशी बोलत होतात?' एक टिक यायची. दुसरी कधी आली नाही. वेड लागल्याची ही लक्षणं आहेत हे तिला कळत होतं, तरी ती पाठवायची.

गच्चीवरून दिग्विजय ओरडला, "आई, तो शेवगा आडवा येतोय. फांदी तोडावी लागंल."

"तोडा," दुर्गाबाई म्हणाल्या. "बोललाय न्हवं, मंग करा."

*

घर ते शेड चारशे फूट. पण शेड खोलगटात होतं, मागे एका कंपनीची उंच भिंत, वर पत्रा, आणि त्यामुळे तिथे मोबाइलला रेंज म्हणून नव्हती. गोठा घरामागे हलवून रोहिदासने तिथे टेबल टाकलं होतं. भोसरीतल्या कामगारांसारखं दुसऱ्याच्या मशिनवर आयुष्य काढायचं नाही, इथेच बसून पार्टांची ड्रॉइंगं करायची, ती नेटवरून पाठवायची, असा त्याचा बेत. आप्पांचा बेत शेड गोडाऊनला भाड्याने द्यायचा. त्या बेतावरून बापलेकांत वर्षभर धुसफूस होती.

योगिनी शेडमध्ये आली तेव्हा आप्पा सरकी पेंडीच्या पत्र्याच्या डब्यावर बसले होते.

"आप्पा, तुम्ही इथं काय करताय? उन्हानं पत्रा तापलाय."

"बसलोय."

"उठा की जरा, वायर त्या बाजूनं न्यायचीय."

"हिकडनं ने. मला हलवू नगंस."

म्हातारा आधीपासूनच हेकट, त्यात आता पोरगा गेलेला. योगिनीने वायर दुसऱ्या बाजूने नेली. एक पेटी घराच्या टाकीवर, एक शेडच्या पत्र्यावर. दोघींनी एकमेकींकडे तोंड करून बसायचं, एवढंच काम. मध्ये काही येता कामा नये. रेंज नसल्यामुळे फोनवर विचारायची सोय नव्हती, म्हणून गच्चीवरून दिग्विजय लाल टॉवेल हलवायचा: एकदा हलवला की डावीकडे, दोनदा हलवला की बरोबर. भिंतीपलीकडच्या प्रेस मशिनचा दणका जमिनीतून पायाला लागत होता. दर चार सेकंदांनी एक. लहानपणापासून ऐकलेला आवाज, पण आज योगिनी नकळत तो मोजत होती.

शेवग्याची फांदी पडली. टॉवेल दोनदा हलला.

आता शेडच्या आत नेट पसरवायला राउटर हवा होता. योगिनी नवीन आणणार होती, पण दुर्गाबाईंनी माळ्यावरचा जुनाच काढून दिला. रोहिदासने घरात बसवलेला, त्यानेच नाव घातलेला: 'पडवळ वस्ती'. "त्याच्या हातचं हाय," त्या म्हणाल्या होत्या. "त्यातलं काही पुसू नगंस." तिच्या आयटी ऑफिसात असं कुणी केलं असतं तर योगिनीने त्याला फाडून खाल्लं असतं. जुनं नाव, जुना पासवर्ड तसाच ठेवला की पूर्वी जोडलेला प्रत्येक फोन आपोआप जोडला जातो. पण इथे आईपुढे कोण बोलणार? तिने काही पुसलं नाही.

राउटरचे दिवे लागले. तिने आपल्या फोनवर यादी उघडली, किती जण जोडले गेलेत ते बघायला.

दोन.

एक 'योगिनी'. दुसरं नाव तिने तीनदा वाचलं. 'रोहिदास'.

"आप्पा," ती म्हणाली. "आप्पा, इथं आणखी कुणी आहे का?"

आप्पा डब्याच्या कडा दोन्ही हातांनी धरून बसले होते.

*

विजयश्रीचा फोन तिच्या मांडीवर होता. तिने सहज बघितलं, आणि कालच्या मेसेजसमोर दोन टिका होत्या.

परवाच्या समोर दोन. त्याच्या आदल्या दिवशीच्या समोर दोन. ती बोटाने वर वर जात राहिली. 'कोणाशी बोलत होतात?' दोन. 'कोणाशी बोलत होतात?' दोन. तीस दिवसांचे तीस मेसेज पोचले होते, आणि त्याआधीच्या सगळ्यांसमोर पहिल्यासारखी एकच टिक होती. का, ते तिला तेव्हा कळलं नाही. महिन्याच्या वरचं काही शिल्लक राहत नाही, हे योगिनीने तिला नंतर सांगितलं. आत्ता तिला एवढंच कळलं की कुणीतरी घेतलेत.

"आई," ती म्हणाली.

तिच्या आवाजात काहीतरी होतं, कारण दुर्गाबाईंनी साडेतीन महिन्यांत पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे बघितलं.

"काय गं?"

"त्यांना माझे मेसेज पोचले."

दुर्गाबाईंच्या हातातली शेंग खाली पडली. विजयश्रीने त्या मेसेजांवरचंच नेटच्या कॉलचं बटण दाबलं आणि फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला. रिंग जायला लागली. एक. दोन. आणि मग, फोनमधून नाही, लांबून, खोलगटातून, शेवग्याच्या पलीकडून दुर्गाबाईंना स्वतःचाच आवाज ऐकू आला.

"रोह्या, ए रोह्या, ये की जेवाया."

*

शेडला रेंज नाही म्हणून दुर्गाबाई ओट्यावर उभ्या राहून अशी हाक मारायच्या. रोहिदासने एकदा ती गुपचूप रेकॉर्ड केली आणि फोनची रिंग म्हणून ठेवून दिली. कंपनीत सगळे हसायचे. दुर्गाबाई रागावल्या होत्या, माझं हसं करतोस व्हय रं म्हणून.

आता ती हाक आप्पांच्या बुडाखालून, पेंडीच्या डब्यातून येत होती. पत्र्याला कंप सुटला होता आणि तो आप्पांच्या मांड्यांना लागत होता.

आप्पांना भुताखेताची भीती कधी वाटली नव्हती. विहिरीतून माणसं काढलेला गडी तो. पण गुरुवारी, योगिनी येणार हे कळल्यावर, त्यांनी स्वतःच्या हाताने तो फोन बंद केला होता. बाजूचं बटण दाबून धरलं, पडदा काळा झाला, तरी आणखी थोडा वेळ दाबून धरलं. मग फडक्यात गुंडाळून पेंडीत खोल खुपसला आणि वर पाटी ठेवली. त्यानंतर शेडला कुलूप होतं आणि किल्ली आप्पांच्या करगोट्याला.

"ए रोह्या, ये की जेवाया."

योगिनी भिंतीला टेकली होती. "आप्पा, उठा," ती हळू म्हणाली. "मी आहे ना. उठा तुम्ही."

आप्पा उठले. डबा उघडला, कोपरापर्यंत हात घातला आणि फडकं सोडलं. पडद्यावर विजयश्रीचा हसरा फोटो होता आणि खाली नाव, 'विजू'. फोन उचलायचा कसा हे त्यांना ठाऊक नव्हतं. योगिनीने पुढे होऊन पडद्यावर बोट फिरवलं.

प्रेसचा दणका दोनदा बसला. मग फोनमधून विजयश्रीचा आवाज आला, भीती वाटावी इतका शांत.

"अहो. कोणाशी बोलत होतात?"

आप्पांच्या मनात आलं, फोन भिंतीवर फेकावा. या बाईने काही बघितलेलं नाही, काही ऐकलेलं नाही, संध्याकाळी ती जाणार. ती गेली की हे सगळं तिच्याबरोबर जाईल. मग त्यांना घाटावरची बाभूळ आठवली.

"माझ्याशी," ते म्हणाले. "माझ्याशी बोलत व्हता, पोरी."

*

दुर्गाबाई अनवाणी धावत शेडमध्ये आल्या. मागून विजयश्री, गच्चीवरून उतरून दिग्विजय, त्याच्या खांद्यावर अजून तो लाल टॉवेल. आप्पा खाली बसले होते, भोवती सरकी सांडलेली.

"मीच फोन लावला त्याला," कुणी विचारायच्या आधीच ते म्हणाले. "गोडाऊनवाला यिऊन गेला व्हता. म्हनलं, उद्या शेडाची किल्ली देतो, तुजं टेबल काढ. त्यो म्हनला, आप्पा, गाडीवर हाय, घरी यिऊन बोलतो. मी म्हनलं, आत्ता बोल. फोन ठिवलास तर घरात पाऊल टाकू नगंस."

आप्पांनी सांडलेली सरकी मुठीत धरली.

"मंग त्यानं ठिवला न्हाई. मला ऐकाया आलं सगळं. ब्रेक. आन् त्यो आवाज." आप्पांनी तोंडावरून हात फिरवला. "वस्तीच्या वळनापाशी घरच्या सगळ्यांच्या आधी मीच पोचलो. त्यो तिकडं पडल्याला आन् फोन गवतात. पडदा पेटल्याला, माजं नाव त्याच्यावर, आन् आकडं पळत व्हतं. कॉल चालूच व्हता. त्यो बंद केला आन् खिशात घातला."

"आणि मग विजयश्रीवर आलं, तेव्हा?" दिग्विजय म्हणाला. आजवर या बाबतीत तो आईच्याच बाजूने उभा राहिला होता. घाटावर काय बोललो होतो ते त्याला आता आठवलं, आणि त्याला विजयश्रीकडे बघवेना. "आम्ही तिला एवढं बोललो. तुम्ही तिथंच बसला होता आप्पा. भाकरी खात."

"व्हय."

"साडेतीन महिने."

"व्हय, दिग्या. हितं रेंज येत न्हाई, म्हनून हितं ठिवला. रोज यिऊन चार्जिंग करायचो. बंद पडला की त्यो बी सपला आसं वाटायचं."

विजयश्री रडली नाही. तिला इतका राग आला होता की पाय जमिनीत रुतल्यासारखे झाले. ह्या माणसाला तिने रोज दोन वेळा वाढलं होतं. "मी रोज विचारत होते आप्पा," ती म्हणाली. "मी स्वतःलाच दोषी धरून बसले होते. मला वाटायला लागलं होतं, माझ्याच फोनकडे बघायला गेले असतील ते."

आप्पांनी करगोट्याची किल्ली सोडली आणि जमिनीवर तिच्यापुढे ठेवली. द्यायला त्यांच्याकडे तेवढंच होतं.

दुर्गाबाई उभ्या होत्या त्या तिथेच सरकीत बसल्या. नवऱ्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. मग म्हणाल्या, "पोरी, पानी आन."

योगिनी जायला वळली. दुर्गाबाईंनी तिला हाताने थांबवलं. "तू न्हाई. तिला म्हनलं."

विजयश्री लगेच गेली नाही. साडेतीन महिने भरून ठेवलेला तांब्या तिला आठवला, आणि आता हिने मागितलं की आपण धावायचं का, असंही तिच्या मनात येऊन गेलं. मग ती गेली. चारशे फूट गेली, चारशे फूट आली. दुर्गाबाईंनी दोन्ही हातांनी भांडं घेतलं, सगळं पाणी प्यायल्या, आणि रिकामं भांडं खाली न ठेवता तिच्या हातात दिलं. "माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "लई चुकलं गं."

उन्हं उतरली होती. भिंतीपलीकडची शिफ्ट सुटली आणि प्रेस थांबलं, तेव्हा सगळ्यांना शेडमधली शांतता एकदम जाणवली.

"आई," विजयश्री म्हणाली, "मी आज सांगवीला जाते. मला जायचंच आहे. पण सोमवारी येईन." तिने वाकून किल्ली उचलली. "शेड उघडायला."

"ये," दुर्गाबाई म्हणाल्या.

योगिनीने बापाशेजारी उकिडवं बसून विचारलं, "आप्पा, आज इथं येऊन बसलात ते कशाला? तो वाजेल म्हणून?"

"न्हाई गं. त्यो वाजनार कसा? गुरवारी मीच बंद केला त्यो. बटन दाबून धरलं, पार काळा झाला."

"मग चालू कुणी केला?"

आप्पांनी मान हलवली. दिग्विजय म्हणाला, बटण नीट दाबलं गेलं नसेल. पण बोलता बोलताच त्याला घाटावरचं आपलं बोलणं आठवलं. एवढी वचनं दिली, त्यातलं एकच रोहिदासला हवं होतं.

दुर्गाबाईंनी तो फोन आपल्या मांडीवर घेतला. पदराने त्याच्यावरची पेंड पुसली.

"वाजव गं परत," त्या विजयश्रीला म्हणाल्या. "त्याला मी कशी ऐकाया येत व्हते ते मला बघू दे."

विजयश्रीने आपल्या फोनकडे बघितलं. पावणेसात वाजत आले होते. तिने कॉल लावला.

"रोह्या, ए रोह्या, ये की जेवाया."

दुर्गाबाईंनी फोनवर तळहात ठेवला, पोराच्या डोक्यावर ठेवावा तसा, आणि त्याला हाका मारू दिल्या. या वेळी तो कुणी उचलला नाही.